जावयाला वीस कसं द्यायचं

पाण्याच्या नळाची आणि कुणाच्या दुखण्याची चेष्टा मी करत नाय. बाकी आपल्याला सगळं चालतं. पुंडलिकनगरात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं मी काय बी सांगितलं की लोक आधी माझ्या बायकोच्या तोंडाकडं बघतात. मोनिका हसली नाय तर खरं. फक्त एक माणूस असा आहे जो तिच्याकडं न बघता माझ्यावर विश्वास ठेवतो. माझे दाजी. नाव कडुबा, लासूर स्टेशनच्या अलीकडं वस्ती, कांदा, मका, चार म्हशी, एक ट्रॅक्टर आणि एक लेक, दीपमाला.

यंदा अधिक महिना जेठात आला. तीन वर्षांतून एकदा येतो, आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि वर जावयाला काहीतरी वाण. दीपमालाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. पहिल्या धोंड्याला जावई खुशीत गेला तर ठीक. नाय गेला तर गाव विसरत नाय. दाजींच्या भावकीतल्या पुंजारामनं मागच्या धोंड्याला जावयाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते उंबऱ्यातच बंद पडलं. आता त्याला पुंजाराम कुणी म्हणत नाय, बंद घड्याळ म्हणतात. सोसायटीच्या मीटिंगमधी बी. दाजींना रात्रंदिवस एकच धाक होता, आपल्याला गाव काय नाव ठेवंल.

म्हणून त्यांनी आधीच जावयाला फोन लावला.

"जावईबापू, अंगठी करू का चेन?"

जावई ऋतुराज. वाळूजला एका कंपनीत आहे. तयार होऊन आलेले लोखंडाचे पार्ट मोजायचे आणि केसभर चुकला की परत पाठवायचा, हे त्याचं काम. दिवसभर मोजून मोजून त्याच्या तोंडातून शब्द बी मोजूनच निघतो.

"काय नको, बाबा."

"आसं कसं? चांदीचं ताट?"

"नको."

"मग घड्या..." म्हणता म्हणता दाजींना पुंजाराम आठवला आणि ते खोकले.

"बाबा, त्या दिवशी सकाळी गाडीचं ऑइल बदलायचंय," ऋतुराज म्हणाला. "यायला जरा उशीर होईल."

झालं. दाजींनी फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं, जावयानं तोंडानं ऑइल मागितलं.

माझी बहीण पारूबाई, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती म्हणली, "आवं, त्यांनी उशीर होईल म्हणून सांगितलं."

"लाजत्यात ते. सासऱ्याला सरळ कोण मागतं? गाडीचं नाव काढलं, ऑइलचं नाव काढलं. आता अजून काय, डब्यात तोंड घालून दाखवू का त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी दाजी माझ्या दारात. हातात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली.

"बघ जरा," त्यांनी झाकण उघडलं. "कसं घट्ट आहे. ह्याच्यात डाव उभा ऱ्हातो."

"दाजी, त्याची गाडी बारकी आहे. शेळीला म्हशीची पेंड घालता व्हय?"

"म्हणजे पातळ द्यायचं? जावयाला पातळ? दुधात पाणी घालून चहा केल्यासारखं दिसंल ते."

मी दीपमालाला फोन करून गाडीच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो मागवला. तिनं लगेच पाठवला. तिथं लिहिलेलं, 0W-20. दाजींनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"हे पुढं काय आहे, शून्य?"

"शून्य."

"पहिल्या धोंड्याला जावयाला शून्य द्यायचं म्हणतो?"

मी समजावलं. म्हणलं, पुढचा आकडा थंडीतला. सकाळी गाडी गार असती तेव्हा ऑइल किती चटकन पळतं, त्याचा. तो जेवढा कमी तेवढं बरं. मागचा आकडा गाडी तापल्यावरचा, तेव्हा ऑइल किती घट्ट ऱ्हातं त्याचा. नव्या बारक्या गाड्यांची इंजिनं अशी बांधलेली असतात की त्यांना पातळच लागतं, घट्ट पाजलं तर धापा टाकतात. हे सगळं मी दाजी चहा पित होते तेवढ्यात मोबाईलवर वाचलेलं, पण सांगताना असं सांगितलं जसं काय इंजिन मीच बांधलं.

दाजींनी बाहेर बघितलं. जेठाचं ऊन, रस्त्यावर कुत्रं सुद्धा नाय.

"म्हणजे शून्य हे थंडीच्या नावानं. मग चालंल. आपल्याकडं थंडी शून्यच आहे." एवढं बोलून ते उठायला लागले. "चल, वीस घेऊन येऊ."

आता हितं माझी जीभ खाजली. माणूस एवढ्या भक्तिभावानं समोर बसल्यावर कुणाची खाजणार नाय?

"दाजी, शून्याचं सोडा. पण वीस?"

"वीसला काय झालं?"

"आहेराच्या पाकिटात वीस घालता का कधी? अकरा, एकवीस, एक्कावन्न. बिनाएकाचा आकडा तर दुखवट्याला देत्यात."

दाजी परत खाली बसले. तोंडावर पार उजेड पडल्यासारखं झालं, आणि मग तो उजेड काळजीत गेला.

"बरं झालं बोललास. इहीणबाईनं पहिलं तेच बघितलं असतं. एकवीस पायजे."

मोनिका कपबशा उचलायला आली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पंख्याकडं बघितलं. ती म्हणली, "दाजी, वीसच घ्या आणि डब्याला वरून एक रुपया चिकटवा. पाकिटाला असतो तसा."

"रुपया काय इंजिनात जातो व्हय, बाई? पाकिटाचं वरचं बघत्यात. गाडीला जे लागतं ते आतून लागतं. ऑइलच एकवीस पायजे." मग माझ्याकडं वळून, "मिळतं का रे?"

"शहरात काय मिळत नाय, दाजी?"

मोनिका आत गेली आणि आतून भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

स्कूटरवर बसवून त्यांना मोंढा नाक्याकडं नेलं. पहिलं दुकान माझ्या यार खाजाभाईचं. आमची दोस्ती अशी की मी एक डोळा बारीक केला की त्याला अख्खी गोष्ट कळते.

"खाजाभाई, हे आपले दाजी. जावयाच्या गाडीला ऑइल पायजे. झिरो डब्ल्यू एकवीस."

हसायचं तर सोडाच, माणसानं कपाळाला हात लावला. "क्या बोलूं दाजी. कल शाम तक था. अधिक महिना है ना, सब जावई लोगां का एकवीस उठ गया. वीस पडा है, पन वो तुमकू देने कू मेरा दिलच नै होता."

"बघ," दाजी मला म्हणाले, "इमानदार माणूस आहे."

"एक काम करो. बाजूमें श्रीरंगराव है, उनके पास पूछो. बडे वाचलेले आदमी है, कुछ तो भी निकालेंगे."

खाजाभाई पण कमी नाय. श्रीरंगरावांचं दुकान म्हणजे शाळा. गिऱ्हाईक मागायला जातं आणि शिकून येतं. चष्मा नाकाच्या टोकावर, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"एकवीस?" त्यांनी पेन काढलं. "काका, एकवीस नावाची ग्रेडच अस्तित्वात नाही. हे बघा. सोळा, वीस. वीसनंतर तीस. तीसनंतर चाळीस."

"वीसनंतर एकदम तीस?"

"हो."

"मधले कुठं गेले?"

"मधले नसतातच."

दाजींनी तो कागद उलटा करून बघितला, मागच्या बाजूला असले तर. "वीसावरून तीसावर सरळ उडी. एक पायरी नाय. ज्यानं कुणी बांधलं त्याचं गणित कच्चं होतं."

"काका, ते जगभर ठरलेलं आहे. आणि इंजिनाला शुभ-अशुभ कळत नाही."

"इंजिनाला नाय कळत. इहीणबाईला कळतं."

श्रीरंगराव पाणी प्यायले, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. पुढचा आकडा, मागचा आकडा, तापमान, घर्षण. दाजींनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं नसंल तर नाय म्हणा. जगात नाय म्हणू नका."

आमच्या शेजारी एक गृहस्थ वीसचा डबा पिशवीत घालत होते. त्यांनी तो बाहेर काढला, काऊंटरवर ठेवला आणि म्हणाले, "थांबा जरा. माझ्या बी जावयाचंच आहे हे."

मी एवढा खूश झालो होतो की स्कूटरची चावी कुलपात जाईना. घरी येताना दाजी मागून सारखं विचारत होते, आता कुठं बघायचं, जालन्याला मिळंल का. मी म्हणलं, दाजी, महिना पडलाय अजून, बघू. मनात म्हणलं, दोन दिवस मजा घेऊ, मग वीसचा डबा गपचूप हातात देऊ आणि हसून सोडून देऊ.

पण दोन दिवसांनी खाजाभाईचा फोन.

"राजाभाई, ये क्या आग लगा दी तुमने? सुबे से सासरे लोगां की लाईन है. सब कू एकवीस होना. एक तो बोला, मेरे दो जावई है, मेरेकू बयालीस दो."

त्या पिशवीवाल्या गृहस्थांनी मेव्हण्याला सांगितलेलं, मेव्हण्यानं व्याह्याला, आणि धोंड्याच्या महिन्यात ह्या शहरातल्या सासऱ्यांना एकमेकांशिवाय दुसरं कुणी भेटतच नाय. बाजारातनं वीसचं नावच बदनाम झालं. ज्यानं वीस नेलं त्याच्याकडं लोक अशा नजरेनं बघायचे की जसं त्यानं लेक उपाशी पाठवली.

त्या दिवशी सांजच्याला दाजींचा फोन. आवाज वर आभाळाला टेकलेला.

"राजकुमार, मिळालं!"

"काय मिळालं?"

"एकवीस. त्या चष्मेवाल्या साहेबांकडंच. नाय नाय म्हणत होता, आज गेलो तर मांडणीत रांग लावलेली."

मी तसाच स्कूटर काढून श्रीरंगरावांकडं गेलो. दुकानात वीसचे डबे ओळीनं, आणि प्रत्येक डब्यावर वीसच्या जागी सोनेरी कागदाचा, कापून चिकटवलेला, एकवीस. लग्नपत्रिकावाल्याकडनं करून आणलेला.

श्रीरंगरावांनी माझ्याकडं बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. "आत तेच आहे. कंपनीचं. सील तसंच आहे. मी चांगलं समजावून सांगितलं हो लोकांना. समजायचं, मान डोलवायचे, आणि खाजाभाईकडे एकवीस आलं का म्हणून विचारायला जायचे. काय करू?"

"काय नाय. झकास दिसतंय," मी म्हणलं.

धोंड्याच्या दिवशी मी आणि मोनिका माझ्या गाडीनं वस्तीवर गेलो. माझी गाडी पण बारकीच, फक्त जुनी. ऑइल तिचं मी कधी बघत नाय, आणि ती बी माझ्या बाबतीत काय विचारत नाय, असा आमचा संसार आहे. अंगणात मांडव टाकलेला, भावकी जमलेली, पुंजाराम एकदम पुढच्या सतरंजीवर. त्याचे डोळे चमकत होते. तीन वर्षं तो ह्या दिवसाची वाट बघत होता, की कुणीतरी नवीन नाव घेईल आणि आपलं सुटंल.

ऋतुराज आणि दीपमाला आले, सोबत त्याची आई, दाजींच्या इहीणबाई, लक्ष्मीबाई. वैजापूरच्या. कमी बोलतात पण नजर अशी की पदराची शिवण सुद्धा वाचतात. पाय धुतले, कुंकू लावलं, जेवणं झाली. धोंडे, तूप, आमरस. मग अक्कानं ताट आणलं. मधे ऑइलचा डबा, त्याला हळद-कुंकवाची पाच बोटं, गळ्यात मोगऱ्याचा गजरा. भोवती अनारसे. आणि अनारशांच्या मधोमध एक गोल काळी वस्तू.

मी अक्काच्या कानात विचारलं, "हे काय?"

"फिल्टर."

"ते कशाला?"

"अधिकाचं वाण जाळीदार लागतं, माहीत नाय व्हय तुला? अनारशाला जाळी असती. डब्याला जाळी कुठंय? ह्यांनी दुकानदाराला विचारलं, गाडीचं जाळीदार काय असतं तर द्या. त्यांनी हे दिलं."

लक्ष्मीबाईंनी जेवताना चष्मा काढून ठेवलेला. अनारसा समजून त्यांचा हात दोनदा फिल्टरपर्यंत जाऊन आला.

दाजींनी डबा दोन्ही हातांनी ऋतुराजला दिला. छाती एवढी पुढं की सदऱ्याचं बटण ताणलं. "जावईबापू, गोड मानून घ्या. शहर पालथं घातलं, पण वीस नाय आणलं."

ऋतुराजनं डबा घेतला. गजरा बाजूला केला. वाचलं. डबा फिरवला, झाकण बघितलं, बूड बघितलं. परत समोरून वाचलं. मग डबा हळूच ताटात ठेवला.

"हे चालत नाय, बाबा."

दीपमालानं नवऱ्याचा शर्ट मागून ओढला. अक्काचं ताट हातातच.

"का बरं?" दाजींनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"पुस्तकात वीस आहे. हे एकवीस आहे."

"एक वाढीव दिलाय, बापू. कमी नाय दिला."

"वाढीव पण परतच जातो आमच्याकडं."

पुंजाराम गुडघ्यावर उठून बसला. "कडुबा, एकवीस निघालं व्हय?" त्यानं विचारलं, आणि 'एकवीस' हा शब्द असा म्हणला की मला स्पष्ट दिसलं, उद्यापासून दाजींचं नाव काय असणार ते. एकवीस आला, एकवीस गेला, एकवीसाच्या म्हशी.

आता माझी गंमत बघा. मी बोललो असतो की बाबांनो, वरचं स्टिकर आहे, खाली वीसच आहे, तर ऋतुराजचा प्रश्न मिटला असता. पण लक्ष्मीबाईंसमोर सिद्ध झालं असतं की दाजींनी पहिल्या धोंड्याला वीस दिलं, आणि भावकीसमोर सिद्ध झालं असतं की शहर पालथं घालून ते येडे बनून आले. नाय बोललो तर वाण परत. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेले. मोनिका माझ्याकडं बघत होती आणि खरंच सांगतो, ती हसत होती.

दाजींनी डब्यावरचा गजरा उगीच सरळ केला. "मग आता?" ते म्हणाले. "मी परत देऊन येतो. लगीच जातो. जालन्याला..."

डबा काखेत मारून ते अनवाणीच उन्हात निघाले. ऋतुराजनं त्यांचे अनवाणी पाय बघितले.

"थांबा बाबा," तो म्हणाला. "कमी असतं तर भंगारात गेलं असतं. वाढीव आहे. वाढीव असंल तर दुरुस्त होतं."

"ते कसं?"

"जास्तीचं काढायचं. पार्ट जाड आला तर आम्ही घासून मापात आणतो. ह्याच्यातला एक काढला की वीस."

मांडवातनं एक मोठ्ठा श्वास बाहेर पडला. भावकीला हे एकदम पटलं. एकवीसातनं एक गेला की वीस, ह्यात न पटण्यासारखं काय आहे?

ऋतुराजनं मोबाईल काढला आणि हिशेब मांडला. डबा तीन लिटरचा. त्याचे एकवीस भाग. एक भाग म्हणजे एकशे त्रेचाळीस मिली. मग अक्काला विचारलं, "चहाचा कप आहे का? दांडीचा?"

कप आला. त्यानं डोळ्यासमोर धरून तपासला, म्हणला हा जरा लहान आहे, दुसरा आणा. दुसरा आला. डब्याचं सील त्यानं सगळ्यांना दाखवून फोडलं आणि कपात ऑइल ओतलं, काठापर्यंत, एक थेंब इकडं तिकडं नाय. सोन्यासारखं पातळ ऑइल. दाजी वाकून बघत होते.

"हा एक," ऋतुराज म्हणाला. "राहिले ते वीस."

"पण हा एक कुणाचा?" लक्ष्मीबाई पहिल्यांदा बोलल्या. "आहेराचा वरचा एक असा सांडून द्यायचा नसतो. त्याला धनी लागतो."

"देवापुढं लावा," कुणीतरी म्हणलं.

"देवाला इंजिन आहे व्हय?" लक्ष्मीबाईंनी चष्मा लावला आणि सगळा मांडव चाळून नजर माझ्यावर थांबवली. "लग्नात अंतरपाटाशी पोरीमागं मामा उभा होता ना? मग वरचा मान मामाचा. मामाच्या गाडीत घाला."

"आणि मामाची गाडी एक चक्कर मारून येऊ द्या," ऋतुराज म्हणाला. "तपासल्याशिवाय माल घेत नाय मी."

मला म्हणायचं होतं, माझी गाडी जुनी आहे, तिची सवय वेगळी आहे, पण दाजींच्या तोंडाकडं बघितलं. मामाला मान मिळाला म्हणून त्यांचे डोळे भरून आलेले. ते स्वतः कप घेऊन पुढं निघाले, वाजतगाजत म्हणता येणार नाय, पण पाठीमागं अख्खी भावकी. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. अक्कानं इंजिनाला कुंकू लावलं. दाजींनी ऑइलच्या तोंडात कप उपडा केला आणि भावकीनं टाळ्या वाजवल्या.

चक्करला फक्त ऋतुराज माझ्या शेजारी बसला. लासूर स्टेशनच्या रस्त्याला लागलो. तो मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होता. मी पण ऐकत होतो. इतक्या वर्षांत मी माझ्या गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यात एक खडखड होती, एक शीळ होती, आणि ब्रेकपाशी कुणीतरी कण्हत होतं.

"हे आधीपासूनचं आहे का?" त्यानं विचारलं.

"असंल."

"ऑइल कधी बदललं?"

मी विषय बदलला. "पावणं, एक खरं सांगा. एक कप काढल्यावर एकवीसाचं वीस होतं का हो?"

"नाय."

"मग?"

"झाकणावर कंपनीनं वीस छापलंय. बुडाला पण छापलंय. सोनेरी कागद फक्त समोर होता." तो रस्त्याकडं बघूनच बोलत होता. "पहिल्यांदा झाकण बघितलं तेव्हाच कळलं."

"मग चालत नाय कामून म्हणलात?"

"डबा हातात घेतला तर तुमचं तोंड असं झालं होतं, मामा, की हे कुणाचं काम आहे ते कळलं. म्हणलं बघू, तुम्ही उठता का." त्यानं गाडीचा आरसा सरळ केला. "तुम्ही काय उठला नाय. आणि बाबा अनवाणीच उन्हात निघाले."

मी त्याच्याकडं बघितलं. तोंडावर एक सुरकुती हलत नव्हती. आई शपथ, मला एवढा आनंद झाला की गाडी रस्त्याच्या कडेला गेली. पंचवीस वर्षं मी ह्या घरात एकटा होतो. कुणी बरोबरीचा नव्हता. आणि दीपमालानं शोधून आणला तर केवढा नग.

"गाडी मधी घ्या," तो म्हणाला.

परत आलो तेव्हा भावकी रस्त्यावर येऊन उभी होती. ऋतुराज उतरला, डब्यापाशी गेला, ताटातली हळद बोटाला लावली आणि डब्यावर ओढली एक बरोबरची खूण. "पास."

दाजींनी त्याला मिठीच मारली. जावयाला मिठी मारायची आमच्याकडं पद्धत नाय, पण मारली. ऋतुराज लाकडासारखा ताठ उभा, मग त्यानं एक हात हळूच वर आणला आणि दाजींच्या पाठीवर दोनदा थोपटलं. डबा त्यानं स्वतः उचलून गाडीच्या डिकीत ठेवला, फिल्टर पण ठेवला, आणि जुन्या चादरीनं दोन्ही बाजूंनी टेकू दिला. पुंजाराम सतरंजी झटकून एकटाच घराकडं निघाला.

निघायच्या वेळी लक्ष्मीबाई माझ्यापाशी आल्या. त्यांची धाकटी लेक वैजापूरलाच दिलेली, तिच्या नवऱ्यानं गाडी घेतलेली, आणि त्यांच्या घरचा धोंडा अजून व्हायचा होता.

"मामा, आमच्या जावयाच्या गाडीला तीस लागतं म्हणत्यात. तसं तीस मी नाय द्यायची. एकतीस मिळंल का?"

"का नाय मिळणार?" दाजी मधीच बोलले. "आमच्या राजकुमारच्या ओळखी लई आहेत."

मी काय म्हणणार तेवढ्यात ऋतुराजनं गाडीची काच खाली केली.

"आई, एकुलता जावई आहे आपला. एकतीसनं काय होतं? मामांना एक्कावन्न आणायला सांग."

लक्ष्मीबाईंनी मान डोलवली, अगदी पटल्यासारखी, आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.